आपला रविवार कुणी मिळवला?

मित्रांनो, आधीच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आजीशी मराठी, शाळेत इंग्लिश, अन् मराठीचा संबंध आठवड्यातल्या तीन-चार तासांपुरता. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मॅडमनी सांगितलं तेव्हा घामच फुटला. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय मात्र शोधावा लागला नाही. प्लेसमेंटच्या तयारीसाठी आमचा ग्रुप डिस्कशनचा सराव चालू होता अन् सरांनी विषय दिला. छोट्या कंपन्यांनी कामाचा आठवडा लहान करावा का, आणि घरून काम करू द्यावं का? मग काय, आम्ही सगळे तुटून पडलो. कुणी ब्रिटनचा प्रयोग सांगितला, कुणी जपानचा. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला. चार दिवसांच्या आठवड्याचं नंतर बघू, आधी हा सहा दिवसांचा आठवडा आपल्याला कुणी दिला ते सांगा. कामगाराला रविवारची सुट्टी कुणामुळे मिळाली?

सगळ्यात आधी मी हात वर केला. रविवार म्हणजे चर्चची घंटा, एवढंच लहानपणापासून डोक्यात. इंग्रजांनी दिली, त्यांचा प्रार्थनेचा वार म्हणून, असं मी ठोकून दिलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर हसले अन् त्यांनी फळ्यावर एक नाव लिहिलं. नारायण मेघाजी लोखंडे.

खरं सांगते, हे नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. त्या दिवशी लायब्ररीत गेले, मग पुढचे दोन रविवारही त्यातच गेले. जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती साधारणच. पण त्या काळात मुलगा ठाण्यात इंग्रजी शिकला, अन् शिकल्यावर पोट भरायला नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग पोस्टात, आणि नंतर मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. स्टोअरकीपर म्हणजे कोठारावरचा माणूस. किती माल आला, किती गेला, किती उरला याचा हिशेब ठेवणारा. तो ना मालक, ना मजूर. मालकाची वही त्याला वाचता येते अन् मजुराचा चेहरा त्याला रोज दिसतो. मला वाटतं, लोखंड्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या नोकरीत आहे.

त्या वेळची मुंबई डोळ्यासमोर आणा. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली, अन् १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं पोटासाठी मुंबईला आली. अन् गिरण्यांना लागणारा कापूस कुठून यायचा? तो आपल्याकडूनही जायचा, राजेहो! खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा नावाजलेली होती. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० साली आला तोच मुळी कापसासाठी. आपल्या काळ्या मातीतला कापूस गठाणी बांधून मुंबईला जायचा.

गिरणीतलं काम कसं होतं? घड्याळ नव्हतं, सूर्य होता. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुटका. म्हणजे हिवाळ्यात साधारण १० तास, अन् उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून १३-१४ तास. उकाड्यात जास्त काम, थंडीत कमी. असलं वेळापत्रक मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमणार नाही! दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी. मशीनमध्ये हात गेला तर त्याचा तो बघून घेईल. आणि आठवड्याची सुट्टी? सणावाराला गिरणी बंद असायची, पण ठरलेला असा वार नव्हता. एखादा रविवार बंद असला तरी त्या दिवशी मशीन पुसायला, साफ करायला कामावर बोलवायचे. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ पुसायला दहा मिनिटं लागतात तर आपण कुरकुरतो. त्यांचा रविवार त्यातच संपायचा.

म्हणजे माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं. इंग्रजांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरं, पण तो रविवार कचेरीच्या दारापाशी संपायचा. गिरणीच्या फाटकातून तो आपोआप आत गेला नाही. तो कुणीतरी आत न्यावा लागला.

लोखंडे एकटे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला, आणि लोखंडे त्याचे मुंबईतले बिनीचे कार्यकर्ते झाले. समाजाचे कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधु' नावाचं वर्तमानपत्र पुण्यात सुरू केलं होतं. ते पैशांअभावी बंद पडलं. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून पुन्हा उभं केलं अन् संपादक म्हणून चालवलं. शेतकरी अन् कामगारांची दुखणी त्या पानांतून छापून येऊ लागली.

इथे एक गोष्ट लपवून ठेवायला नको. चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. त्याची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधु'त छापली गेली अन् पुढची थांबली. सरकारवर अन् नोकरशाहीवर एवढी कडक टीका छापायची लोखंड्यांची तयारी नव्हती. फुल्यांना याचा राग आला, तो त्यांनी लिहूनही ठेवला. पण त्यामुळे दोघांचं काम तुटलं नाही. गिरणी कामगारांच्या सभांना फुले आले, बोलले. ११ मे १८८८ ला मुंबईत फुल्यांना महात्मा ही पदवी दिली गेली त्या समारंभाच्या खटपटीत लोखंडे होतेच. लोखंडे हे फुल्यांसारखे ज्वालाग्राही नव्हते. ते अर्ज लिहिणारे, सह्या गोळा करणारे, आकडे मांडणारे होते. दोन्ही प्रकारची माणसं लागतात असं मला वाटतं.

आता मूळ लढ्याकडे येते. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. वाचून अंगावर काटा येतो ना? मोठ्या माणसांबद्दल, बायकांबद्दल त्यात तासांची काही मर्यादाच नव्हती. शिवाय हा कायदा कुणाला लागू? जिथे १०० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, यंत्र शक्तीवर चालतं, अन् कारखाना वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालतो, त्यालाच. आपल्या भागातल्या हंगामी जिनिंग-प्रेसिंगला मग कायदा कुठला? १८८४-८५ साली मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हा त्याच्यापुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगबद्दल साक्षी झाल्या. हंगामात पहाटे ४-५ वाजता लागलेली माणसं, त्यात बहुतेक बायका, रात्रीपर्यंत काम करतात, आणि फारच घाई असली तर दिवसरात्र तीच माणसं राबतात, असं त्यात आलं. ही यादी मी दोनदा वाचली. माझी पणजी याच पट्ट्यातली.

हे कमिशन नेमलेलं असतानाच, सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. कामगारांच्या वतीने कमिशनपुढे मागण्यांचा अर्ज गेला आणि त्याच्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. याच वर्षी त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. तसं बघितलं तर तिला ना वर्गणी, ना सभासदांची यादी, ना नियमावली. आपल्या टेक फेस्टच्या कमिटीला तिच्यापेक्षा जास्त कागदपत्रं असतात! पण कामगार तिला आपली मानत होते, अन् लोखंडे तिचे अध्यक्ष होते.

मागण्या काय होत्या ते नीट बघा. एक, दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं अन् सूर्यास्ताला संपावं. चार, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. पाच, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापुरती सोय.

मला आधी वाटलं, एवढंच? आठ तासांची मागणीसुद्धा नाही? दोन वर्षांनी, म्हणजे १८८६ च्या मे महिन्यात, शिकागोचे कामगार आठ तासांसाठी रस्त्यावर उतरले. पण नंतर लक्षात आलं, या पाचही मागण्या मोजता येतात. साडेसहा, अर्धा तास, १५ तारीख, रविवार. पाळलं की नाही ते कुणालाही सांगता येतं. चांगली वागणूक द्या असं नुसतं म्हटलं असतं तर मालकांनी मान डोलावली असती अन् काही बदललं नसतं. कोठारात बसून मोजामापाची सवय लागलेल्या माणसाने लिहिलेला अर्ज आहे हा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी स्पेसिफिकेशन दिलं.

मालकांचं म्हणणं ठरलेलं होतं. धंदा नवा आहे, मँचेस्टरशी टक्कर आहे, तास कमी केले तर बुडू. आणि गंमत म्हणजे यात थोडं तथ्यही होतं. हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा कडक व्हावा म्हणून इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीवाले जोर लावत होते, ते काही आपल्या कामगारांच्या प्रेमापोटी नव्हे. आपला माल महाग व्हावा हा त्यांचा डाव. त्यामुळे देशप्रेमी म्हणवणारी आपली बरीचशी वर्तमानपत्रंही कायद्याच्या विरोधात होती. स्वदेशी धंदा वाचवायचा की कामगार? लोखंडे या कात्रीत सापडले होते. त्यांनी ठरवलं की धंदा कुणाचाही असो, सात दिवस राबणारी माणसं आपली आहेत. आपल्याच लोकांविरुद्ध इंग्रजांना साथ देतो, असं म्हणवून घ्यायला किती धीर लागत असेल!

१८८४ ला अर्ज केला अन् १८८५ ला सुट्टी मिळाली असं झालं नाही. वर्षं गेली. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. शेवटी २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर मोठी सभा भरली. सुमारे १०,००० कामगार आले. लाऊडस्पीकर नाही, मोबाईल नाही, कामाला दांडी मारली तर पगार कापणार, अन् तरीही १०,०००. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, भर मैदानात! त्यांच्याबद्दल मला आणखी वाचायला मिळालं असतं तर हा लेख त्यांच्यावर लिहिला असता.

त्या सभेतून रविवारच्या सुट्टीचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला. अन् १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षांनी!

त्याच वर्षी सरकारने नवीन फॅक्टरी कमिशन नेमलं, त्यात कामगारांच्या बाजूने लोखंड्यांना घेतलं. पुढे १८९१ चा कायदा आला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा, नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, अन् नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना ७ तास. १०० माणसांची अट ५० वर आली. मोठ्या पुरुषांच्या तासांना मात्र याही कायद्यात मर्यादा नव्हती.

रविवारच का, या प्रश्नाचं एक उत्तर लोक सांगतात ते मला आवडलं. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आपल्या माणसाला आपलाच वाटावा. आणि दुसरं म्हणजे सहा दिवस पोटासाठी राबल्यावर सातवा दिवस समाजासाठी हवा. म्हणजे सुट्टी ही फक्त झोपायला नव्हती. लोखंड्यांना कामगाराने वाचावं, सभेला यावं, घरच्यांकडे बघावं, विचार करावा असं वाटत होतं. थकून पडलेला माणूस सत्यशोधक कसा होणार?

त्यांनी स्वतःचा वेळ कसा घालवला तेही बघा. विधवांचं मुंडण करायला आपण जाणार नाही, असं मुंबईच्या न्हावी बांधवांनी १८९० च्या सुमारास सभा घेऊन ठरवलं, त्यामागे लोखंडे होते. म्हणजे वाईट प्रथा मोडायला त्यांनी भाषणं झाडली नाहीत, ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनाच संघटित केलं. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली. गिरणगावातली माणसंच एकमेकांवर धावून जात होती. तेव्हा लोखंड्यांनी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र आणण्यासाठी राणीच्या बागेत मेळावा भरवला. ही राणीची बाग म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्या सिंदखेड राजाच्या लेकीचं नाव पुढे त्याच जागेला मिळालं, हा योगायोग मला फार छान वाटला. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताबही दिला.

आणि मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतला प्लेगचा पहिला रोगी सापडला तो मांडवी भागात. ज्यांना शक्य होतं ती माणसं मुंबई सोडून पळाली. गरीब कामगार कुठे जाणार? सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांत भीती, म्हणून आजारी माणूस घरातच लपवायचे. आपलं वाटेल असं हॉस्पिटल हवं म्हणून लोखंड्यांनी मराठा हॉस्पिटल उभं करण्यात पुढाकार घेतला अन् रोग्यांची सेवा केली. त्यातच त्यांना प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. साधारण एका महिन्याने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. कोरोनाचा काळ आपण पाहिलाय, तेव्हा हे मी जास्त सांगायला नको.

पुढे काय झालं हे थोडक्यात सांगते, कारण इथे आपला, म्हणजे इंजिनिअरचा, संबंध येतो. १९०५ च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपण काय म्हणू? वा, प्रगती! पण झालं असं की आता सूर्य मावळल्यावरही मशीन चालवता येऊ लागलं. बऱ्याच गिरण्यांत दिवस १४-१५ तासांपर्यंत गेला. दिव्याने काम हलकं केलं नाही, काम लांबवलं. दिव्याचा दोष नव्हता, कुठे थांबायचं हे ठरलेलं नव्हतं. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना १२ तासांची मर्यादा आली, १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४, अन् १९४६ साली ४८. दर वेळी कुणीतरी मागितलं, कुणीतरी बुडू म्हणालं, अन् कुणी बुडालं नाही.

आता आमच्या ग्रुप डिस्कशनवर येते. माझी एक मावसबहीण आहे, आम्ही तिला ताईच म्हणतो. ती पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सगळी मिळून पंधरा-वीस माणसं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती चिखलीला घरी आली अन् माडीवर, जिथे नेटवर्क येतं तिथे, टेबल टाकून काम करू लागली. मावशीला वाटलं, पोरगी घरी आहे, काय छान! पहिले दोन महिने छानच होते. जायचा-यायचा वेळ वाचला, खोलीभाडं वाचलं, गरम जेवण. पण हळूहळू लॅपटॉप मिटायची वेळच राहिली नाही. रात्री साडेदहाला फोन, रविवारी फोन. घरीच तर आहेस ना? ताई म्हणजे आमच्या घरातला विजेचा दिवा झाली होती.

मग तिच्या कंपनीतल्या सगळ्यांनी मिळून मालकांना एक पानाचा मेल लिहिला. भांडण नाही, काही नाही. फोन कधी उचलायचा अन् कधी नाही याच्या वेळा, रविवारी फक्त सर्व्हर बंद पडला तरच फोन, आणि पाळीपाळीने शुक्रवारी अर्धा दिवस. मालक घाबरले होते, एवढ्याशा कंपनीत एक माणूस नसला तरी काम अडतं म्हणून. शेवटी महिनाभर करून बघू म्हणाले. ते अजून चालू आहे. ताईला लोखंडे माहीत नव्हते, पण तिनेही मोजता येतील अशाच गोष्टी मागितल्या होत्या!

जगातही असंच दिसतं. २०२२ साली ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने, पगार न कापता, आठवड्याचं काम कमी करून बघितलं. सुमारे २,९०० माणसं होती, अन् कंपन्या बहुतेक छोट्याच. संपल्यावर ५६ कंपन्यांनी ते पुढे चालू ठेवायचं ठरवलं. आपल्या राज्य सरकारने तर कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला. पण सगळं एकाच दिशेने चाललंय असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या इंजिनिअरिंग कंपनीच्या प्रमुखांनी रविवारीही कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली, ती तुम्ही मोबाईलवर ऐकलीच असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली, कारखान्यांत ९ चे १२, दुकानं अन् ऑफिसांत ९ चे १०.

आणि १८८१ च्या त्या १०० माणसांच्या अटीसारखी अट आपल्या काळातही आहेच. दुकानं अन् आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याने ही रेघ १० माणसांवर ओढली, अन् २०२५ च्या त्याच निर्णयात ती २० वर न्यायचं ठरलं. म्हणजे छोटी जागा ही कायद्याच्या बाहेरची जागा, पूर्वीही अन् आत्ताही. तिथे सुट्टी मालकाच्या मनावर अन् माणसांच्या मागण्यावर अवलंबून.

मित्रांनो, हे मी का लिहितेय? कारण आपल्यापैकी अर्ध्यांची पहिली नोकरी अशाच छोट्या कंपनीत लागणार आहे. आणि काही जण उद्या खामगाव किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत स्वतःचं शेड टाकणार, सात-आठ माणसं कामाला ठेवणार. तेव्हा आपण फाटकाच्या दुसऱ्या बाजूला असू. लोखंडे कोठारात बसून दोन्हीकडे बघत होते, तसं तेव्हा आपल्याला बघता येईल का? सुट्टी कुणाला देता येत नाही हे सिद्ध करायला फार अक्कल लागत नाही. सहा दिवसांचं काम नीट आखून सातवा दिवस मोकळा कसा करायचा, हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

सरकारने ३ मे २००५ ला लोखंड्यांच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं. परळला कामगारविषयक शिक्षण देणाऱ्या राज्याच्या संस्थेलाही त्यांचं नाव आहे. पण त्यांचं खरं स्मारक आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आहे, लाल अक्षरात, दर आठवड्याला.

जाता जाता एक हॉस्टेलची गोष्ट. रविवारी दुपारी मेसमध्ये गोड असतं अन् संध्याकाळी मेस बंद. संध्याकाळी मॅगी करताना आम्ही सगळ्या जणी मेसच्या नावाने बोटं मोडायचो. त्या दिवशी हे सगळं वाचून आले अन् सहज मावशींना विचारलं, तुम्हाला सुट्टी कधी असते? त्या म्हणाल्या, अवो बाई, रविवारची संध्याकाळ असते ना. त्या वेळात त्या नातवाला घेऊन बाजारात जातात.

तेव्हापासून मी रविवारी संध्याकाळी मॅगी करते, पण बोटं मोडत नाही.